एनसीआर वेगळी आणि सेफ्टी कन्सर्न वेगळा: अणुवीज साइटवर क्वालिटीत जाणाऱ्या पोरांसाठी

आपल्या चंद्रपूर, भंडारा, गोंदिया पट्ट्यातली पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमा झाला की आधी कोराडी, मौदा, तिरोडा असं कुठेतरी थर्मलच्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतो त्या कामाला) लागतात, आणि तिथून कंत्राटदारासोबत अणुवीज साइटवर, कोणी रावतभाट्याला, कोणी काक्रापारला, कोणी थेट कुडनकुलमला जातो. वेल्डर, फिटर तर आधीपासून जातच होते, आता क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोलचे इन्स्पेक्टर म्हणूनही बरेच जण जाऊन राहिले, आणि त्यांच्याशी बोललं की एक घोळ हमखास दिसतो. एनसीआर टाकणं, म्हणजे काम ड्रॉइंगशी जुळत नाही असा रिपोर्ट देणं, म्हणजेच सेफ्टीची तक्रार करणं, असं ते धरून चालतात. सुपरवायझरपण तसंच धरतो, म्हणून साधी एनसीआर टाकली तरी त्याला वाटतं पोरगा कंपनीवर उलटला, आणि जिथे खरंच तक्रार करायला पाहिजे तिथे पोराला वाटतं मी तर एनसीआर टाकली ना, माझं काम झालं. दोन्हीकडून नुकसानच आहे, म्हणून हे नीट मांडून सांगतो.

एनसीआर म्हणजे नॉन कन्फॉर्मन्स रिपोर्ट. ड्रॉइंगमध्ये, स्पेसिफिकेशनमध्ये जे लिहिलं आहे त्याच्याशी समोरची वस्तू जुळत नाही, एवढंच ती सांगते. समजा भिंतीचं शटरिंग खोललं आणि खालच्या कोपऱ्यात हनीकोंब दिसला. सळाखी दाट होत्या, व्हायब्रेटरची सुई तिथवर गेलीच नाही, म्हणून सिमेंटचा माल खाली उतरला नाही आणि गिट्टी उघडी पडली, बोट घातलं तर आत जातं. आता इन्स्पेक्टरचं काम काय, तर जागा मोजायची, लांबी रुंदी खोली लिहायची, फोटो काढायचा, ड्रॉइंग नंबर आणि पोअर नंबर (काँक्रीट ओतण्याच्या टप्प्याचा नंबर) टाकायचा, त्या जागेवर होल्डचा टॅग लावायचा आणि रिपोर्टला नंबर घ्यायचा. पुढे काय करायचं हे तो ठरवत नाही. ते इंजिनिअरिंगवाले ठरवतात, आणि त्यांच्यापुढे साधारण चार रस्ते असतात: पुन्हा करून ड्रॉइंगसारखं आणा, नाहीतर अशी दुरुस्ती करा की ते तंतोतंत ड्रॉइंगसारखं नसलं तरी कामाला पुरेसं राहील, नाहीतर आहे तसं वापरा, नाहीतर मोडून टाका. मग त्याप्रमाणे काम होतं, इन्स्पेक्टर पुन्हा तपासतो, एनसीआर बंद होते. एवढ्या मोठ्या कामात एनसीआर निघणारच, ज्या साइटवर महिनोन् महिने एकही निघत नाही तिथे मला तरी जास्त भीती वाटते.

आता तोच हनीकोंब घ्या, पण रात्रपाळीत मिस्त्री थापी घेऊन आला, वरून माल मारून गुळगुळीत केला आणि सकाळी इन्स्पेक्टरला सांगितलं, तपासून घ्या, सगळं ओके आहे. किंवा इन्स्पेक्टरने पाहिलं होतं, त्याने एनसीआर मागितली, आणि त्याला नंबरच दिला नाही. किंवा नंबर दिला, पण त्याला न विचारता एनसीआर बंद झाली आणि खाली सही दुसऱ्याचीच. इथे प्रश्न भिंतीचा राहिलाच नाही. भिंतीतली चूक पकडायला जी व्यवस्था उभी केली आहे तीच चालत नाही, हे सांगणं म्हणजे सेफ्टी कन्सर्न. एनसीआर वस्तूबद्दल बोलते, कन्सर्न व्यवस्थेबद्दल बोलतो, आणि म्हणून दोघांचा पत्ताही वेगळा असतो, कारण जी व्यवस्था बिघडली असं तुम्ही म्हणून राहिले तिच्याच टेबलावर तो कागद ठेवून उपयोग काय.

कापसावरून पटकन समजेल. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर मीटर लावून ओलावा बघतात, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, 12 पर्यंत कपात करून घेतात, त्याच्या वर घेत नाहीत. तुमच्या गाडीचा ओलावा 14 निघाला आणि गाडी परत पाठवली, ही एनसीआर झाली. पण मीटरच चुकीचा लावून ठेवला आहे, किंवा अमक्याची गाडी आली की मीटर लावायचाच नाही असं ग्रेडरला सांगून ठेवलं आहे, तर तो कन्सर्न झाला, आणि तो त्याच ग्रेडरकडे नेऊन चालत नाही.

माझा भाचा एका साइटवर आहे, नाव सांगत नाही. त्याचा फोन आला, "मामा, मी एका वेल्डवर एनसीआर मागितली तं साहेब म्हणे तू सेफ्टीचा बोभाटा करून राहिला का, गेट पास बंद करीन तुहा." मी त्याला म्हटलं, बाबू, एनसीआर मागितली तोवर तो तुझा रोजचा धंदा होता, ज्या क्षणी गेट पासची धमकी आली त्या क्षणी ते प्रकरण दुसरं झालं, आता तुझ्या हातात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या कागदांवर लिही. वेल्डमधली चूक एका कागदावर. धमकी दुसऱ्यावर, तारीख, वेळ आणि साहेब नेमके काय शब्द बोलले ते.

थर्मलच्या एका साइटवर मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो, त्यात हा फरक एकदम उघड दिसतो. पाइपच्या वेल्डची एक्सरे फिल्म काढतात, आपण आरटी म्हणतो, आणि फिल्मवर जॉइंट नंबर यावा म्हणून शूटिंगच्या वेळी शिशाची छोटी अक्षरं लावतात. फिल्म व्ह्यूअरवर दोन जॉइंटच्या फिल्म शेजारी शेजारी लावल्या, नंबर वेगवेगळे, पण दोन्हीमध्ये वेल्डमधलं एक बारीक छिद्र अगदी त्याच जागी, आणि रूटची (वेल्डच्या तळाची) नागमोडी रेघपण हुबेहूब तीच. म्हणजे एकच चांगला जॉइंट दोनदा शूट केला, शिशाचे नंबर फक्त बदलले, आणि दुसरा जॉइंट कोणी तपासलाच नाही. आता यात एनसीआर कशावर टाकणार, फिल्म तर पास आहे! छिद्रसुद्धा मर्यादेत. कागदावर सगळं बरोबर असताना खोटं असणं, हे एनसीआरच्या चौकटीत बसतच नाही. ते क्लायंटच्या इंजिनिअरला दाखवलं, तेव्हा त्या एजन्सीच्या बाकीच्या फिल्मही पुन्हा काढून पाहाव्या लागल्या.

दक्षिण कोरियात 2013 मध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. अणुभट्टीच्या कंट्रोल केबलची टेस्ट सर्टिफिकेट बनावट निघाली. साइटवरच्या इन्स्पेक्टरने केबलसोबत आलेलं सर्टिफिकेट बघितलं असणार, नंबर जुळले असणार, मग तो एनसीआर कशाला टाकेल? तिथल्या अणु नियामकाला निनावी माहिती मिळाली तेव्हा ते उघड झालं आणि चालू असलेल्या दोन अणुभट्ट्या बंद करून केबल बदलाव्या लागल्या. हनीकोंबवर माल मारायचा प्रकारपण जगात झालेला आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात मार्बल हिल इथल्या अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर 1979 मध्ये एका कामगाराने शपथपत्रावर सांगितलं की काँक्रीटमधल्या पोकळ्या नीट न भरता वरवर बुजवल्या जातात. तपासणी झाली, सेफ्टीशी संबंधित बांधकाम थांबलं, पुढे पैशाचं गणितही कोलमडलं आणि सुमारे 250 कोटी डॉलर खर्चून झाल्यावर 1984 मध्ये प्रकल्प सोडून दिला.

कायद्याने हा फरक किती महागात पडतो ते टेक्सासच्या कोमान्शे पीक अणुवीज प्रकल्पाच्या केसमध्ये दिसतं, आणि ही केस क्यूसीतल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तिथल्या एका क्वालिटी इन्स्पेक्टरने कंपनीच्या आतच रिपोर्ट टाकले होते, 1982 मध्ये त्याची नोकरी गेली. अमेरिकेत अणुक्षेत्रातल्या तक्रारदाराला संरक्षण देणारं कलम 1978 पासून होतं आणि लेबर खात्याने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण 1984 मध्ये फिफ्थ सर्किट अपील कोर्टाने (तिथे अशी कोर्टं राज्यांच्या गटागटाला वेगळी असतात) तो फिरवला. कोर्टाचं म्हणणं असं की हा माणूस सरकारी यंत्रणेकडे गेलाच नव्हता, कंपनीतल्या कंपनीत बोलला, त्याला हे कलम लागत नाही. आणि त्याच वर्षी नाइन्थ सर्किट कोर्टाने दुसऱ्या एका इन्स्पेक्टरच्या केसमध्ये बरोबर उलटं सांगितलं, की क्वालिटी इन्स्पेक्टर हा नियामकाच्या व्यवस्थेचाच भाग आहे, त्याने आत टाकलेला रिपोर्टही संरक्षणात धरायचा. एकाच देशात एकाच वर्षी दोन कोर्टं दोन दिशांना. 1992 मध्ये कायदा बदलला, आतली तक्रारपण संरक्षणात आली आणि दाद मागायची मुदत 30 दिवसांवरून 180 दिवस झाली. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी प्रामाणिकपणे फक्त एनसीआर टाकल्या त्यांचं संरक्षण ते कोणत्या राज्यात काम करतात यावर टांगलेलं होतं, हे मला आजही पटत नाही.

आणि इन्स्पेक्टरला दाबून काम पुढे जातं का, तर तेही नाही. ओहायोतला झिमर अणुवीज प्रकल्प घ्या. इन्स्पेक्टरांना त्रास देणं आणि क्वालिटीचा एकूण बोजवारा, यासाठी नियामकाने 1981 मध्ये 2 लाख डॉलरचा दंड लावला, 1982 च्या नोव्हेंबरात सेफ्टीशी संबंधित बांधकाम थांबवलं, तेव्हा प्लांट 97 टक्के झाला असं सांगितलं जात होतं. कोणता वेल्ड बरोबर आणि कोणता नाही याचा भरवशाचा कागदच नसेल तर त्या 97 टक्क्यांचं करायचं काय? शेवटी 1984 मध्ये त्याला कोळशावर न्यायचं ठरलं आणि 1991 मध्ये तो कोळशावर सुरू झाला.

उलट बाजूपण सांगितली पाहिजे, नाहीतर पोरं प्रत्येक एनसीआरला घोटाळा म्हणायला लागतील. "आहे तसं वापरा" असा शेरा आला म्हणजे दाबून टाकलं असं नसतं. डिझाइनवाल्याने हिशोब करून, कारण लिहून, सही करून मान्य केलं असेल तर ते बरोबरच आहे, तुम्हाला कारण पटलं नाही तर कारण मागा. कुडनकुलमला 2013 च्या एप्रिलमध्ये चार व्हॉल्व्हच्या कामात कमतरता असल्याचं एईआरबीने (देशाच्या अणु नियामकाने) सांगितलं, त्यांचे भाग बदलून पुन्हा तपासायला लावलं, आणि पहिली अणुभट्टी जुलैमध्ये सुरू झाली. चूक सापडणं आणि नीट होणं, हे व्यवस्था चालत असल्याचं लक्षण आहे, तिथे आरडाओरड करायचं कारण नाही.

एक तिसरा प्रकार मात्र मधे अडकतो, ड्रॉइंगच चुकीचं असेल तर? एनसीआर तर ड्रॉइंगशी ताडून बघते, त्यामुळे चुकीच्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर केलेल्या कामावर ती निघूच शकत नाही. कर्नाटकातल्या कैगा अणुवीज प्रकल्पाला 13 मे 1994 रोजी बांधकाम चालू असताना पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचं काँक्रीट खालच्या बाजूने सुटून पडलं, सुमारे 130 टन, आणि चौकशीत डिझाइनमधल्या त्रुटी पुढे आल्या. म्हणून शंका ड्रॉइंगवरच असेल तर ती डिझाइनच्या माणसाला लेखी विचारायची, आणि उत्तरच येत नसेल आणि काम तसंच पुढे रेटत असतील तर तो कन्सर्न.

आपल्याकडे कन्सर्न न्यायचा कुठे? पहिली पायरी मालक कंपनीची क्वालिटी अ‍ॅश्युरन्स शाखा, कंत्राटदाराची नाही. अमेरिकेच्या नियमात, अणुप्रकल्पांच्या क्वालिटीबद्दलच्या 1970 पासूनच्या अपेंडिक्स बीमध्ये 18 निकष आहेत आणि पहिल्याच निकषात म्हटलं आहे की क्वालिटीच्या माणसाला खर्च आणि शेड्यूल यांच्यापासून पुरेसं स्वातंत्र्य पाहिजे. कंत्राटदाराच्या पगारावरच्या पोराला ते कितपत मिळतं हे तुम्हाला सांगायला नको. त्याच्यावरची जागा म्हणजे एईआरबी, अणुऊर्जा नियामक मंडळ, 15 नोव्हेंबर 1983 ला स्थापन झालेलं, मुंबईत अणुशक्तीनगरला. आणि प्रकरणात पैसे खाणं, अधिकाराचा गैरवापर असं असेल, म्हणजे बनावट सर्टिफिकेट केंद्र सरकारच्या कंपनीतल्या अधिकाऱ्याने डोळेझाक करून चालू दिलं वगैरे, तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे पीआयडीपीआय खाली, म्हणजे माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायच्या व्यवस्थेखाली, तक्रार करता येते. हा 2004 चा ठराव आहे, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणाऱ्या सत्येंद्र दुबे या इंजिनिअरचा 2003 मध्ये गयेत खून झाला त्याच्यानंतरचा. त्यात लिफाफा बंद पाहिजे, वर पीआयडीपीआय असं लिहायचं, स्वतःचं नाव पत्ता लिफाफ्यावर टाकायचा नाही पण आतल्या पत्रात टाकायचाच, कारण निनावी तक्रार ते घेत नाहीत. नाव गुप्त राहावं म्हणून पोचही पाठवत नाहीत, त्यामुळे पोच आली नाही म्हणून घाबरून दुसरीकडे पत्र फिरवू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र साइटचा फोटो किंवा ड्रॉइंग टाकायचं नाही, कितीही राग आला तरी. अणु प्रकल्पाची माहिती बाहेर देण्यावर कायद्याने बंधन आहे आणि तुमचा खरा मुद्दा बाजूला राहून तुम्हीच आरोपी व्हाल.

पत्र लिहिताना मोठे शब्द नकोत. कोणतं युनिट, कोणती बिल्डिंग, जॉइंट किंवा पोअर नंबर, कोणत्या तारखेला काय पाहिलं, एनसीआर मागितली का, नंबर मिळाला का, नसेल तर कोण नाही म्हणालं, आणि अजून कोणी पाहिलं. ऐकलेलं असेल तर "ऐकलं" लिहा, पाहिलेलं असेल तर "पाहिलं". एनसीआरचा नंबर असेल तर तो पहिल्या ओळीतच टाका, कारण तपासायला येणारा माणूस आधी तोच रजिस्टरमध्ये शोधतो, आणि तो नंबर रजिस्टरमध्ये सापडला नाही तर त्याची तपासणी तिथूनच सुरू होते.