बॅस फिशिंग: ऋतूप्रमाणे रॉड, रील आणि ल्यूर

बॅस फिशिंग म्हणजे अमेरिकेतल्या तळ्यांत, धरणांत, नद्यांत बॅस नावाचा गोड्या पाण्यातला मासा नकली आमिष लावून पकडायचा खेळ. नकली आमिषाला ल्यूर म्हणतात. उच्चार बॅस, बास नव्हे, बास म्हणजे आपल्याकडे पुरे, आणि या नादाला लागलेला माणूस पुरे म्हणताना कोणी बघितलेला नाही. मासे मुख्यतः दोन, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. तोंड मिटलेलं असताना लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, स्मॉलमाउथचा जात नाही, एवढी खूण पुरते. दोघंही सनफिशच्या कुळातले, समुद्रातल्या सी बॅसशी नातं नावापुरतंच. लार्जमाउथचं जागतिक रेकॉर्ड २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या जरा वर, जॉर्ज पेरीने २ जून १९३२ ला जॉर्जियात मॉन्टगोमेरी लेकवर केलेलं. २००९ मध्ये मानाबू कुरिताने जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली. गंमत म्हणजे जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये मुद्दाम नेऊन सोडला होता आणि आज तिथे तो कायद्याने उपद्रवी परदेशी प्राणी आहे.

सामान घेताना बहुतेक लोक उलटे चालतात, दुकानात जाऊन आधी चकचकीत रॉड, म्हणजे काठी, उचलतात, मग तिला शोभेल असं रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, आणि शेवटी काउंटरवर दिसतील ते चार ल्यूर. खरा क्रम असा की आधी पाणी किती गार किंवा गरम ते बघायचं, त्यावरून मासा कुठे असेल, त्यावरून ल्यूर, ल्यूरवरून लाईन (दोरी), आणि रॉड-रील सगळ्यात शेवटी. रॉड माशाच्या वजनाप्रमाणे नाही, ल्यूरच्या वजनाप्रमाणे घेतात, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे पैसे वाचतात.

रॉड

मुठीच्या जरा वर रॉडवर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, वाचत कोणी नाही. समजा लिहिलंय ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, लाईन १२ ते २० पौंड (लाईन किती ओढ सोसते ते), ल्यूर ३/८ ते १ औंस. मीडियम हेवी ही पॉवर, म्हणजे काठीत जोर किती. फास्ट ही ॲक्शन, म्हणजे काठी कुठून वाकते, फास्ट असेल तर फक्त शेंड्याकडून वाकते, मॉडरेट असेल तर अर्ध्यापासून वाकते. लोक या दोन्हीची गल्लत करतात. गळ एकच आणि जाड असेल, जसा जिगला (डोक्याशी वजन असलेला गळ) किंवा प्लॅस्टिकच्या वर्मला (गांडुळासारखा मऊ ल्यूर) असतो, तर झटका लगेच पोचायला फास्ट हवी. क्रँकबेटला, म्हणजे ओढला की डुलत जाणाऱ्या माशाच्या आकाराच्या कडक ल्यूरला, मात्र तीन टोकांचे बारीक गळ असतात, तिथे फास्ट रॉडने झटका मारला की माशाचं तोंड फाटून गळ सुटतो, म्हणून मऊ मॉडरेट रॉड, फायबरग्लासची किंवा ग्लास-ग्रॅफाइट मिसळलेली, जी माशाला ल्यूर नीट तोंडात घ्यायला क्षणभर देते. एकच रॉड घ्यायची असेल तर वर लिहिलेली सात फुटी घ्यावी, तिच्यावर जवळजवळ सगळं होतं, काही गोष्टी जरा वाईट होतात इतकंच.

रील आणि लाईन

रील तीन प्रकारची. बटणवाली स्पिनकास्ट, जी लहान मुलांच्या हातात दिसते आणि जी अमेरिकेतल्या टल्सा शहराच्या झेबको कंपनीने घरोघरी नेली, ती कंपनी त्याआधी तेलविहिरींसाठी टाइम बॉम्ब बनवायची, झेबको हे झिरो अवर बॉम्ब कंपनीचंच लहान रूप. दुसरी स्पिनिंग, रॉडच्या खाली लटकणारी, हलक्या ल्यूरला आणि बारीक लाईनला उत्तम. तिसरी बेटकास्टर, रॉडच्या वर बसणारी, जड ल्यूरला आणि नेमक्या जागी टाकायला, आणि नवशिक्याला रडवायला.

बेटकास्टरचं रडगाणं असं की ल्यूर हवेत मंदावतो पण स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेलं रीळ, त्याच वेगात फिरत राहतो, लाईन सैल पडून आतल्या आत पक्ष्याचं घरटं होतं. मी पहिल्या दिवशी मासे कमी आणि गाठी जास्त सोडवल्या. उपाय साधा आहे: ल्यूर बांधा, रॉड समोर धरा, बटण दाबा आणि बाजूची टेन्शनची चकती फिरवत जा, ल्यूर सावकाश खाली उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबला पाहिजे. ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवा आणि अंगठा स्पूलवर हलका टेकलेला असू द्या. ल्यूर बदलला की हे पुन्हा करायचं, हे विसरतात.

रीलवर ५.४:१, ७.१:१ असे आकडे असतात. हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचे ७.१ फेरे. खोल जाणारा क्रँकबेट पाण्यात भयंकर ओढ धरतो, त्याला कमी आकड्याचं रील, नाहीतर संध्याकाळी मनगट बोलतं. जिग, फ्रॉग (बेडकासारखा पोकळ ल्यूर) वगैरेला जास्त आकडा, मासा पकडताच सैल लाईन झटकन गोळा करता यावी म्हणून. लाईनमध्ये मोनो, म्हणजे साधी एकसंध नायलॉनची, स्वस्त, ताणणारी, पृष्ठभागावरच्या ल्यूरला चांगली. फ्लोरोकार्बन बुडते आणि पाण्यात कमी दिसते. ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली लाईन, जवळजवळ ताणत नाही आणि तरंगते, गवतातून मासा उपटून काढायला तीच.

पाणी आणि ऋतू

मासा थंड रक्ताचा, त्याचं कॅलेंडर म्हणजे पाण्याचं तापमान. म्हणून मार्चमध्ये काय वापरू या प्रश्नाला अर्थ नाही, फ्लोरिडात बॅस जानेवारी-फेब्रुवारीत अंडी घालायला लागतो आणि मिनेसोटात त्याला मे-जून उजाडतो. बारका पाण्याचा थर्मामीटर चौथ्या रॉडपेक्षा जास्त मासे देतो असं माझं मत.

वसंतात पाणी ५० फॅरेनहाइटच्या (१० सेल्सिअस) वर सरकलं की मासे खोलातून काठाकडे यायला निघतात, भुकेले असतात. टेक्सासमध्ये यावेळी लाल, झिंग्याच्या रंगाचा लिपलेस (पुढची पट्टी नसलेला) क्रँकबेट कोवळ्या पाणगवतावरून ओढतात, गवतात अडकला की हिसका देऊन सोडवतात आणि बऱ्याचदा त्या हिसक्यालाच मासा येतो. ६० ते ७५ फॅरेनहाइटच्या (साधारण १५ ते २४ सेल्सिअस) दरम्यान अंडी. नर उथळ तळाला शेपटीने घरटं साफ करतो आणि राखण करतो, तिथे पडलेला प्लॅस्टिकचा सरडा तो भुकेने नाही तर घर साफ करायला तोंडात उचलतो. अशा वेळी पकडलेला नर लगेच सोडावा, तो नसताना इतर मासे अंडी फस्त करतात. उत्तरेकडच्या काही राज्यांत या दिवसांत नियमही कडक असतात, आणि लायसन्स तर सगळीकडे राज्याचं वेगळं.

अंडी झाली की पृष्ठभागावरची मजा सुरू, पॉपर (पाण्यावर बुडबुड आवाज करणारा ल्यूर), फ्रॉग, पहाटे आणि सांजवेळी. फ्रॉगला सात फुटांच्या वरची हेवी रॉड आणि ५० ते ६५ पौंडांची ब्रेड, इथे काटकसर करू नये. पाणी उसळलं की लगेच झटका मारायचा मोह होतो, मारू नका, वजन हाताला लागू द्या.

भर उन्हाळ्यात मोठ्या तळ्यात पाण्याचे थर पडतात, खालच्या थरात बहुतेकदा ऑक्सिजन फारसा नसतो, म्हणून फार खोल जाऊनही उपयोग नाही, मासे त्या थराच्या जरा वर. इथे खोल क्रँकबेट, जिग आणि टेक्सास रिग केलेला दहा इंची वर्म, म्हणजे पुढे गोळीसारखं वजन आणि गळाचं टोक वर्मच्या अंगात लपवलेलं, लाकडात अडकत नाही. हा मऊ वर्म ओहायोतल्या ॲक्रनच्या निक क्रीमने १९४९ च्या सुमारास घरच्या घरी ओतला आणि सगळा खेळच बदलला. वजन टंगस्टनचं महाग पण आकाराने लहान, शिवाय काही राज्यांत लून नावाचे पाणपक्षी शिशाने मरतात म्हणून शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आहे.

उन्हाळा सरून पाणी गार होऊ लागलं की शॅड नावाचे छोटे मासे ओढ्यांच्या मुखातून आत शिरतात आणि बॅस त्यांच्या मागे. पांढरा स्पिनरबेट (चमकती पाती फिरणारा ल्यूर) किंवा चौकोनी तोंडाचा क्रँकबेट भराभर टाकत फिरायचं, जास्त डोकं लावायची गरज नाही.

हिवाळ्यात डोकं लागतं. पाणी चाळिशीच्या फॅरेनहाइटमध्ये (साधारण ४ ते ९ सेल्सिअस) असताना मासा क्वचित आणि सावकाश खातो. मिसूरीतल्या टेबल रॉकसारख्या नितळ तळ्यात जर्कबेट, म्हणजे हिसके देत ओढायचा लांबट ल्यूर, चालतो, दोन हिसके द्यायचे आणि थांबायचं, दहा, पंधरा, वीस सेकंद, ल्यूर पाण्यात जागच्या जागी तरंगत राहतो. मासा येतो तो या थांबण्यातच, आणि हाताला धक्का बसेलच असं नाही, लाईन फक्त बाजूला सरकते. हात खिशात घालून उभे राहणाऱ्याला ती दिसत नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात बॅस नाही, पण सामान तेच चालतं. तळ्यातला मरळ पाणवेलींखाली दबा धरून बसतो, त्याला तोच पोकळ फ्रॉग आणि तीच ब्रेड. रायगडच्या खाड्यांमधला जिताडा बेटकास्टरवर घेणारेही आहेत. फक्त तिथलं पाणी खारं, घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, जोराचा नळ लावला तर मीठ आणि रेती बेअरिंगमध्ये आत जाते, मग सावलीत वाळवून एक थेंब तेल.