परीक्षा, परीक्षा आणि लगीनसराई

नोव्हेंबर लागला की खान्देशातल्या संगीत शिकणाऱ्या पोरांची तीनही बाजूंनी ओढाताण सुरू होते. विद्यापीठाची सत्र परीक्षा, गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीताची परीक्षा आणि तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई. एप्रिल-मेमध्ये पुन्हा तेच, वर जळगावचं ऊन. ‘हल्लीची पोरं नाजूक’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वेगवेगळ्या काळात, एकमेकांना न विचारता उभी राहिलेली ही तीन वेळापत्रकं आहेत आणि ती एकाच पोराच्या डोक्यावर येऊन बसली आहेत.

आधी गुरू म्हणेल तोच अभ्यासक्रम होता. त्याचे गोडवे फार गाऊ नयेत. एकेका बंदिशीसाठी शिष्यांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग, तास, हजेरी, परीक्षा आली. पुढे मुंबईत बांधलेली इमारत कर्जापायी लिलावात गेली, पण पद्धत टिकली. १९३१ साली पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, त्यावर अलंकार. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या मुलीला घराणेदार उस्तादाचं दार न ठोठावता शिकता आलं, ते या परीक्षांमुळेच.

दुसरीकडे संगीतशास्त्रज्ञ विष्णू नारायण भातखंडे. त्यांनी बंदिशी स्वरलिपीत छापल्या, राग दहा थाटांत म्हणजे मूळ स्वरसंचांत बसवले, त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला संगीताचं कॉलेज उभं राहिलं. गाणं कागदावर आलं आणि जे कागदावर येतं ते परीक्षेत विचारता येतं. रागाचं चलन, म्हणजे त्याची स्वरांची चाल, गळ्यात नसलं तरी वादी-संवादी हे त्याचे मुख्य स्वर पाठ असतात, अशी मुलं परीक्षकांना नवीन नाहीत.

विद्यापीठ इथं उशिरा आलं. खान्देशातली कॉलेजं आधी पुण्याला जोडलेली होती. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं. २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जात्यावर आणि शेतात जिची ओवी जुळली, तिच्या नावाच्या विद्यापीठात आज गाणं श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मोजावं लागतं! नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला दोन. घरचा रियाज या हिशेबात नीट बसतच नाही. इतर विषयाच्या मुलाचा अभ्यास पुस्तक मिटलं की संपतो; गाणाऱ्याचा तिथून सुरू होतो. शिवाय मंडळाचा रागांचा संच वेगळा, विद्यापीठाचा वेगळा. एकाकडे बागेश्री रागाचा बडा ख्याल, दुसरीकडे त्याच आठवड्यात भाषेचा पेपर आणि प्रकल्पाची फाइल.

तिसरं वेळापत्रक पोटाचं. धुळे-नंदुरबारकडे बँडशिवाय वरात निघत नाही, श्रावणात कानबाईचा उत्सव असतो, गावोगावी भजनी मंडळं आहेत. कीबोर्ड किंवा ढोलकी वाजवणाऱ्या मुलाची फी बऱ्याचदा याच कमाईतून निघते. रात्री दोनपर्यंत वरातीत वाजवायचं आणि सकाळी अकराला परीक्षकांपुढे तोच हात तबल्यावर ठेवायचा. सुजलेलं बोट, बसलेला आवाज याबद्दल कोणी बोलत नाही. बोललं तर ‘रियाज कमी पडतो’ हे उत्तर ठरलेलं. घरी आजीचा प्रश्न तयारच असतो, “गाणं शिकीसन काय करशी, पोऱ्या?”

मागच्या हिवाळ्यात भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीत असाच एक मुलगा समोर बसला होता. मांडीवर दप्तर, दप्तरावर बोटं. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. झपतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय. धरणगावपासून चुकत होता, पाळधीला जमली. मग त्याने डोळे मिटून चौगुन, म्हणजे चौपट लय धरली आणि पुन्हा चुकला. विचारलं तर म्हणाला, खोलीवर वाजवता येत नाही, घरमालक ओरडतात. कॉलेजची संगीताची खोली पाचला बंद होते. गाडीतच काय तो वेळ मिळतो. जळगाव आलं तसा तो उतरला, बोटं अजून चालूच होती.