आधी कोण, बरोबर कोण: ब्रेकिंग न्यूज जोखण्याच्या वादाची पार्श्वभूमी

सर्वात आधी कोणी दिली, हा प्रश्न वृत्तवाहिन्या एकमेकींना विचारतात. प्रेक्षक तो विचारत नाही. घरी बसलेला माणूस एका वेळी एकच पडदा पाहत असतो. शेजारच्या वाहिनीवर तीच बातमी चाळीस सेकंद आधी येऊन गेली, हे त्याला कळणार कसे? ते कळते वृत्तकक्षात, जिथे भिंतीवर साऱ्या प्रतिस्पर्धी वाहिन्या एकाच वेळी चालू असतात. ब्रेकिंग न्यूजचे प्रक्षेपण चांगले की वाईट हे कशावरून ठरवायचे, हा वाद गेली सहा दशके त्या भिंतीपाशीच घोटाळतो आहे.

सुरुवातीला वेगाची मर्यादा यंत्रानेच घातलेली होती. 22 नोव्हेंबर 1963 रोजी अमेरिकेत डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा देशभरात दिसणाऱ्या वाहिनीवर पहिली बातमी आली ती नुसत्या आवाजात. पडद्यावर केवळ ‘बुलेटिन’ लिहिलेली पाटी होती, कारण स्टुडिओतला कॅमेरा गरम होऊन चित्र देऊ लागायला वीसेक मिनिटे लागत. नंतर निवेदक पडद्यावर दिसू लागला. राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूची स्थानिक वार्ता हाती आली होती, तरी अधिकृत दुजोरा येईपर्यंत तो ‘याची खात्री झालेली नाही’ असेच सांगत राहिला. आज तो तुकडा पत्रकारितेच्या वर्गात संयमाचा नमुना म्हणून दाखवतात. पण त्याच दुपारी दुसरीकडे, रेडिओवर, मृत्यूची बातमी आधीच देऊन झाली होती आणि ती खरी निघाली. म्हणजे थांबणारा आणि न थांबणारा असे दोघेही बरोबर ठरले. जोखणाऱ्याची पंचाईत तिथूनच सुरू होते.

मार्च 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा नशिबाने तशी साथ दिली नाही. राष्ट्राध्यक्षांना इजा झालेली नाही असे आधी सांगितले गेले, ते चूक होते. त्यांचे माध्यम सचिव मरण पावल्याचे तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी सांगितले, तेही चूक होते. ते गृहस्थ पुढे 2014 पर्यंत जगले. एक निवेदक प्रक्षेपण चालू असतानाच आपल्याच सहकाऱ्यांवर चिडला, एकदा काय ते नक्की करून सांगा म्हणून. त्याआधी वर्षभरही झाले नव्हते, जून 1980 मध्ये, चोवीस तास बातम्या देणारी पहिली वाहिनी सुरू झाली होती. नक्की करून मग सांगण्यासाठी लागणारी उसंत त्यानंतर दरवर्षी कमीच होत गेली.

मूल्यमापन करायचे तर आधी ध्वनिचित्रफीत जपलेली असावी लागते, आणि ही गोष्ट सहसा विसरली जाते. बराच काळ जुनी फीत पुसून पुन्हा वापरण्याचाच शिरस्ता होता. ऑगस्ट 1968 पासून टेनेसीतल्या एका विद्यापीठाने अमेरिकी वाहिन्यांची संध्याकाळची बातमीपत्रे नियमित साठवायला सुरुवात केली. पण ब्रेकिंग न्यूज संध्याकाळच्या ठरल्या वेळेची वाट पाहत नाही, त्यामुळे अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जे तपासले ते मुख्यतः धूळ खाली बसल्यानंतरचे बातमीपत्र. गोंधळाचा पहिला तास निसटून गेला.

या साऱ्या इतिहासात एक रात्र अशी आहे की तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 7 नोव्हेंबर 2000 ची. अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक, आणि सगळा खेळ फ्लोरिडावर येऊन ठेपलेला. रात्री आठला दहा मिनिटे असताना वाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकले, म्हणजे बुश यांच्याविरुद्धचे हे उमेदवार तिथे जिंकल्याचे जाहीर केले. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असते, आणि तिथली मतदान केंद्रे अजून उघडी होती. दहाच्या सुमारास घोषणा मागे घेतली गेली. मग पहाटे 2 वाजून 16 मिनिटांनी एका वाहिनीने तेच राज्य, आणि पर्यायाने अध्यक्षपद, बुश यांना दिले. पुढच्या चार मिनिटांत बाकीच्या मोठ्या वाहिन्यांनीही तेच केले. गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून तो मागे घेतला. चारच्या सुमारास वाहिन्यांनीही दुसरी घोषणा मागे घेतली.

आपल्याकडे ‘कल’ आणि ‘निकाल’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि मतमोजणीच्या दिवशी त्यांतला फरक लहान मुलालाही कळतो. त्या रात्रीचा गुंता नेमका इथे होता. वाहिन्यांच्या लेखी त्यांनी सांगितला तो संख्याशास्त्रीय अंदाज होता. पडद्यावर मात्र विजेत्याचे नाव, छायाचित्र आणि बरोबरची खूण आली. पाहणाऱ्याने तो निकाल म्हणूनच पाहिला, आणि पाहणाऱ्यांत खुद्द उमेदवारही होता. निकाल जाहीर करण्याचा कायदेशीर अधिकार एकाही वाहिनीला नव्हता, तो राज्याच्या यंत्रणेचा होता. तरीही पराभव मान्य करण्याचा फोन गेला तो पडद्यावरच्या घोषणेनंतर.

दुसरा गुंता आकड्यांच्या उगमाचा. या वाहिन्या आणि एक वृत्तसंस्था यांनी खर्च वाचवण्यासाठी मिळून एकच माहिती-यंत्रणा उभारली होती. मतदानोत्तर पाहणी तिचीच, मतमोजणीचे आकडेही बहुतांशी तिचेच. त्यामुळे पाच पडद्यांवर एकच नाव झळकणे म्हणजे पाच जणांनी स्वतंत्रपणे केलेली खात्री नव्हती, एकाच विहिरीतून भरलेल्या पाच बादल्या होत्या. शिवाय त्या विहिरीत एक मेलेला बेडूकही होता. व्होल्युशिया परगण्यातल्या एका मतदान केंद्राच्या संगणकीय नोंदीत गोर यांना उणे सोळा हजारांहून अधिक मते दाखवली गेली. उणे मते! हा आकडा कोणाला खटकण्याआधीच बुश यांची आघाडी फुगलेली दिसली आणि घोषणा होऊन गेली. भागीदारांपैकी त्या वृत्तसंस्थेने दुसरी घोषणा केलीच नाही. तिचे बातमीदार परगण्यांकडून आकडे स्वतंत्रपणे घेत होते आणि आघाडी घसरताना त्यांना दिसत होती.

पुढे 36 दिवस पुनर्मोजणी आणि न्यायालये चालली, आणि शेवटी फ्लोरिडा 537 मतांनी बुश यांच्याकडे गेले. म्हणजे पहाटे 2:16 ची घोषणा शेवटी खरी निघाली. मग तिला गुण द्यायचे की कापायचे? वाहिन्यांच्या बचावात तेव्हाही आणि नंतरही हा सूर होता की दुसऱ्या वेळी नाव तर बरोबरच होते. मला तो बचाव पटत नाही. सुमारे साठ लाख मतांत 537 चा फरक कोणतेही गणित पहाटे दोनला ओळखू शकत नव्हते. जे बरोबर आले ते नाण्याच्या बाजूसारखे आले. उलट बाजूने असेही म्हटले जाते की प्रेक्षकाला शेवटी खरे काय तेवढ्याशीच घेणे असते, अंदाजामागचे कारखाने त्याने का तपासावेत. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, पण तो मान्य केला तर मूल्यमापन म्हणजे लॉटरीचा निकाल तपासणे होईल.

फेब्रुवारी 2001 मध्ये वाहिन्यांच्या प्रमुखांना संसदीय समितीपुढे शपथेवर उभे राहावे लागले. एका वाहिनीने बाहेरच्या परीक्षकांकडून स्वतःचीच झाडाझडती करून घेतली. संपूर्ण राज्यातले मतदान संपेपर्यंत तिथला विजेता सांगायचा नाही, असे आश्वासन आले. काहींनी निर्णय घेणाऱ्या गटाला प्रतिस्पर्ध्यांचे पडदे दिसणार नाहीत अशा खोलीत बसवले. भिंत झाकली. माझ्या मते या साठ वर्षांतली ही सर्वात अर्थपूर्ण सुधारणा. सामायिक यंत्रणा 2003 च्या सुरुवातीला गुंडाळली गेली.

वीस वर्षांनी हाच प्रश्न उलटा होऊन परतला. नोव्हेंबर 2020 मध्ये मतदानाच्या रात्री 11:20 ला एका वाहिनीने ॲरिझोना बायडेन यांना दिले. एका वृत्तसंस्थेने काही तासांनी दुजोरा दिला, पण इतर बड्या वाहिन्या आठवडाभराहून अधिक थांबल्या. अंतर कमी होत होत शेवटी 10,457 मतांवर आले, आणि घोषणा टिकली. गंमत अशी की 2000 मधल्या चुकीबद्दल कोणाची नोकरी गेल्याचे फारसे गाजले नाही. 2020 च्या बरोबर घोषणेनंतर मात्र तो निर्णय घेणाऱ्या गटातले काही जण थोड्याच महिन्यांत वाहिनीबाहेर होते.

निवडणुकीत निदान शेवटी मतांचा आकडा हाती येतो. हल्ले, अपघात, गोळीबार यांत तसे नसते, आणि तिथे ‘पुष्टी’ हा शब्द फार सैल वापरला जातो. जानेवारी 2011 मध्ये टूसॉनला एका महिला लोकप्रतिनिधीवर गोळी झाडली गेली. एका रेडिओ जाळ्याने त्या मरण पावल्याचे सांगितले आणि वाहिन्यांनी ते उचलले. त्या जिवंत होत्या. त्यांच्या पतीने ती खोटी बातमी विमानात, त्यांच्याकडे निघालेले असताना, पडद्यावर पाहिली. जून 2012 मध्ये आरोग्यविम्याच्या कायद्यावरचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन वाहिन्यांनी सुरुवातीची पाने वाचूनच उलटा सांगितला. एका मुद्द्यावर फेटाळलेली तरतूद पुढे कर म्हणून वैध ठरवली होती, एवढेच वाचायचे राहिले. दुरुस्ती काही मिनिटांत झाली, पण ‘आम्ही आधी’ म्हणण्यात जिंकलेला अवधीही काही सेकंदांचाच होता.

बरोबर असूनही प्रक्षेपण वाईट ठरू शकते, हा धडा वेगळाच. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले, तेव्हा पोलीस इमारतीवर चढताना थेट दिसत होते, आणि ओलीस धरणाऱ्यांच्या खोलीतही दूरचित्रवाणी होती. नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. हल्लेखोरांचे सूत्रधार बाहेरून वाहिन्या पाहून फोनवर सूचना देत होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या हल्ल्यावरच्या 2012 च्या निकालात वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावले. 2015 च्या नियमांनी दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ठरावीक माहितीपुरते वार्तांकन ठेवले. आता काय दाखवायचे हे सरकारच ठरवणार का, ही तक्रारही रास्तच आहे. जे खरे आहे, पण आत्ता दाखवायचे नाही, त्याची मोजपट्टी अजून कोणाला नीट आखता आलेली नाही.

पुरस्कारांनी यात फारशी मदत केलेली नाही. प्रवेशिका म्हणून वाहिनी आपल्याच प्रक्षेपणातले निवडक भाग पाठवते, आणि त्यात पहिल्या तासातली चूक कोण घालेल? 2012 पासून मात्र अमेरिकी वाहिन्यांच्या बातम्या त्यांच्या उपशीर्षकांच्या मजकुरावरून कोणालाही शोधता येऊ लागल्या. बातमी किती वाजता आली हे आता मिनिटावर सांगता येते. दुरुस्ती शोधणे तितके सोपे नाही, कारण ती बहुतेक वेळा ‘ताजी माहिती हाती येत आहे’ अशा वाक्याच्या आड येते आणि आधी काय सांगितले होते ते त्यात नसते.