'ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन'मध्ये नवरा शोधू नका

'रिप्लाय १९८८' आणि 'ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन' या दोन्ही कोरियन मालिका टीव्हीएन वाहिनीच्या. दोन्हींत जुना काळ, पहिलं प्रेम आणि अधूनमधून आजच्या काळातले प्रसंग. तेवढ्यावरून 'रिप्लाय १९८८' आवडलेल्याला लोक हमखास 'ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन' बघायला सांगतात, आणि सोळावा भाग संपला की तो 'शेवट माती केला' म्हणून चिडतो. शेवट उत्तम आहे, बघणाऱ्याने कोडं भलतंच धरलेलं असतं. (पुढे दोन्ही शेवट फुटणार आहेत.)

'१९८८' तुम्हाला पाठ असेल: सोलमधलं सांगमुनदोंग, गल्लीतली पाच पोरं, वीस लांबलचक भाग. तिथे आजचा काळ म्हणजे कोडं. प्रौढ झालेली नायिका दोकसन आणि तिचा नवरा सोफ्यावर बसून गप्पा मारतात, त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि गल्लीतल्या पोरांपैकी तो जंगह्वान की थेक हे आपण लकबींवरून ताडायचं. लग्न झालंय ही खात्री मात्र पहिल्यापासून असते.

'ट्वेंटी-फाइव'मध्ये (२०२२) तलवारबाज ना हिदोची मुलगी आजीकडे आईची जुनी डायरी वाचते. मुलीचं नाव किम मिनचे. डायरीतला आईचा प्रियकर बेक यिजिन. कोरियन नावात आडनाव आधी येतं, बायका लग्नानंतरही माहेरचंच लावतात आणि मूल सहसा बापाचं घेतं. म्हणजे बाप कुणी किम आहे. विषय संपला! तरी 'दत्तक असेल', 'यिजिनने आडनाव बदललं असेल' अशी तर्कटं शेवटपर्यंत चालू असतात. नवरा कोण यात या मालिकेला काडीचा रस नाही. इतकं घट्ट असलेलं नातं सुटलं कसं, एवढंच तिला सांगायचंय.

आणि ते ती नीट सांगते. १९९७ च्या आर्थिक संकटात यिजिनचं घर बुडतं, हिदोच्या शाळेतलं तलवारबाजीचं पथक बंद होतं. त्या पडझडीतच दोघं भेटतात. पुढे तो पत्रकार होतो. हिदोची आई वृत्तनिवेदिका, नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळीही कामात अडकलेली. त्यामुळे बातमीमागे धावणाऱ्या माणसाची वाट बघणं काय असतं हे हिदोला लहानपणापासून माहीत आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर यिजिन न्यूयॉर्कला जातो, तिथलं दुःख तिच्यापासून लपवतो, आणि ती पुन्हा तीच वाट बघू लागते. खलनायक नाही, गैरसमजाचं नाटक नाही.

तरी पटत नसेल तर मिनचे आईला समुद्रावरच्या सहलीबद्दल विचारते तो प्रसंग परत बघा. आपण नुकतीच डोळे भरून पाहिलेली ती सहल आईला आठवतच नाही. जोडी जमायची असती तर लेखिकेने हा प्रसंग लिहिलाच नसता.

शीर्षकातली २५ आणि २१ ही वयं जुन्या कोरियन मोजणीची, म्हणजे जन्मताच एक वर्षाचं धरून. आपल्या हिशेबाने एक-दोन वर्षं कमी धरा.

नवऱ्याचं कोडंच हवं असेल तर 'रिप्लाय १९९७' आणि '१९९४' आहेतच. '१९८८'चेच दिग्दर्शक शिन वनहो, लेखिका ली उजंग, आणि खेळही तोच.