बर्फात गाडी घेऊन चाललाय? मग निघायच्या पंधरा दिवस आधी हे वाचा

दिवाळी झाली की आमच्या गॅरेजला फोन सुरू होतात, नाताळच्या सुट्टीत मनालीला चाललोय, आपलीच गाडी घेऊन, जरा सर्व्हिसिंग करून द्या. आता सर्व्हिसिंग म्हटलं की ऑइल, फिल्टर, ब्रेक आणि वॉशिंग एवढंच लोकांच्या डोक्यात असतं, आणि बरेच जण निघायच्या आदल्या दिवशी गाडी आणून लावतात. साताऱ्यात मजेत फिरणारी गाडी मोसमातल्या पहिल्या मोठ्या बर्फात चालेलच असं नाही, आणि काय कमी आहे ते बाहेरून दिसत नाही. इथून मनाली दोन हजार किलोमीटरच्या आसपास, तिथं जाऊन कळण्यापेक्षा इथंच कळलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

"आम्ही पसरणी, आंबेनळी कायम चालवतो, आम्हाला घाटाचं काय सांगता" असं म्हणणारे खूप भेटतात. खरंय, हात चांगला बसलेला असतो. पण आंबेनळीत पावसात टायर थोडा घसरला तरी परत पकडतो, बर्फावर पकडत नाही. वेण्णा लेकला दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो आणि आपण म्हणतो महाबळेश्वरला बर्फ पडला, पण ते ऊन वर आलं की संपतं. मनाली साडेसहा हजार फुटांच्या वर आहे, त्याच्या पुढचा अटल टनेल (लाहौलकडं जाणारा बोगदा) दहा हजार फुटांवर, तिथं एका रात्रीत फूट-दीड फूट पडला तर रस्ता कधी उघडणार ते जेसीबीवाला ठरवतो.

पहिलाच बर्फ जास्त वाईट, कसा ते बघा

जानेवारीअखेरपर्यंत तिथल्या लोकांची, मशीनची, पोलिसांची सगळ्यांची घडी बसलेली असते. पहिल्या मोठ्या बर्फाला तसं नसतं. रस्ता खाली अजून थोडा गरम असतो, त्यामुळं पडलेला बर्फ वितळतो, त्यावरून गाड्या जाऊन जाऊन तो दाबला जातो आणि संध्याकाळी पारा शून्याखाली गेला की त्याच पाण्याची काच होते. वरून बघितलं तर रस्ता नुसता ओला वाटतो. याला ब्लॅक आइस म्हणतात आणि तो पुलावर, सावलीच्या वळणावर आणि झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं तिथं हमखास असतो. त्यात बर्फ पडतोय म्हटल्यावर दिल्ली, चंदिगडपासून सगळे वर पळतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल टनेलच्या मध्ये हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या, टीव्हीवर बघितलंच असेल.

हा बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्समुळं पडतो, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी हवा, आणि ती येतेय हे हवामान खात्याला चार-पाच दिवस आधी कळतं. त्यांचा शिमल्याचा अंदाज रोज बघा. यलो अलर्ट असेल तर सावध राहा, ऑरेंज असेल तर वर जाऊ नका, रेड असेल तर हॉटेलातून हलू नका. आमचं स्पष्ट मत असंय की बर्फाची खरी तयारी म्हणजे थांबायची तयारी, प्लॅनमध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचंच असं ठरवून गेलेला माणूसच नको त्या वेळी गाडी काढतो, हे आम्ही टो करून आलेल्या गाड्यांवरून सांगतोय.

कूलंट, सगळ्यात पहिलं हे

आपल्याकडं रेडिएटरमध्ये साधं पाणी चालतं. उन्हाळ्यात खंबाटकीत गाडी तापली, ढाब्यावरून बाटलीभर पाणी ओतलं, पुढं निघालो, पुढच्या वर्षी परत ओतलं, असं करत करत आत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं रसायन, नावालाच राहतं. गाडी उभी करून थंड झाल्यावर आम्ही खालचा ड्रेन प्लग उघडतो तेव्हा काही गाड्यांतून हिरवं किंवा लाल कूलंट यायच्या ऐवजी चहाच्या रंगाचं गंजाचं पाणी येतं. हे पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. फुगायला जागा नसली की आधी पाईप, मग रेडिएटर, आणि नशीब फारच खराब असेल तर इंजिनचा ब्लॉक तडकतो. मग मनाली-सातारा टेम्पोवर गाडी लादून आणायची.

चेक करायला दोन मिनिटं लागतात. आमच्याकडं रिफ्रॅक्टोमीटर आहे, कूलंटचा एक थेंब त्याच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून डोळा लावायचा, आत निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ ज्या आकड्यावर थांबते त्या तापमानापर्यंत तुमची गाडी सेफ. तुमच्याच डोळ्यांनी बघा, आमच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत काळजी नाही. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, नुसतं कूलंट भरलं तर ते उलट लवकर घट्ट होतं. बाजारात रेडी-मिक्स मिळतं त्यात पाणी घालू नका.

बॅटरी आणि डिझेल

थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळं इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते, म्हणजे दोन्हीकडून मार. साताऱ्यात सकाळी जरा कण्हून सुरू होणारी बॅटरी मनालीत सकाळी सातला सुरू होणार नाही. चार वर्षं झाली असतील तर बदलून टाका, नसेल बदलायची तर निदान लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून ताकद बघायची चाचणी) करून घ्या, आणि जंपर केबल सोबत घ्या, चांगल्या जाडीची.

डिझेल गाडीवाल्यांना एक वेगळा त्रास असतो. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते धरायला लागतं आणि फिल्टर चोक होतो. मनालीत बहुतेक वेळा भागतं, पण टनेल ओलांडून सिस्सू-केलाँगला रात्र काढणार असाल तर हे होऊ शकतं. इथून कॅनमध्ये डिझेल नेऊ नका, वर पोचायच्या आधी तिकडच्याच पंपावर टाकी फुल करा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत चालणारं खास विंटर डिझेल काढलं, ते काही उगाच नाही. कोणी सांगेल थोडं रॉकेल किंवा पेट्रोल मिसळा, जुन्या जीपांना लोक करायचे, आताच्या बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाडीत हा उद्योग केलात तर पंप आणि इंजेक्टरचं बिल बघून थंडी विसराल. ॲडब्लूवाली गाडी असेल (ॲडब्लू म्हणजे डिझेलचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते द्रावण) तर ते उणे अकराला गोठतं, त्याची टाकी अगदी काठोकाठ भरू नका. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा आणि सकाळी पेट्रोलवरच सुरू करा.

टायर आणि चेन

हवा इथं भरून निघालात तर तिथं ती कमी दाखवेल, दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय उतरतो, म्हणजे साताऱ्यातली तीस डिग्री आणि तिथली शून्य यात पाच-सहा पीएसआय सहज. पंक्चर समजून घाबरू नका, तिथं सकाळी थंड टायरला चेक करून कंपनीनं सांगितली तेवढी भरा. "बर्फात हवा कमी करतात" हे वाळूचं शास्त्र आहे, रस्त्यावर नको. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फाला निदान चार तरी पाहिजे, त्यापेक्षा कमी असेल तर आम्ही चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरला गुंडाळायची साखळी, भाड्यानं देत नाही, वाईट वाटून घेऊ नका.

चेन टायरच्या साइजवर मिळते, टायरच्या कडेला २१५/६० आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं त्याचा फोटो पाठवा. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना चेन लावायची, बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या. काही गाड्यांत चाक आणि बॉडीत जागाच नसते, मॅन्युअलमध्ये चेन लावू नका असं लिहिलेलं असतं, ते आम्ही बघून सांगतो. आणि इथं आमच्या आवारात एकदा स्वतः लावून काढून दाखवा, तेही हातमोजे घालून. हसतात लोक, पण लोकरी मोज्यावर भांडी घासायचे रबरी मोजे चढवून तो हुक मागच्या बाजूला चाचपडत अडकवायचा म्हणजे इथं ऊन असताना पण घाम येतो, तिथं अंधारात बोटं बधीर झाल्यावर पहिल्यांदाच करायला घ्याल तर होणार नाही. चेन लावल्यावर तीसच्या पुढं जाऊ नका, मोकळा डांबरी रस्ता लागला की लगेच काढा, नाहीतर चेन पण जाते आणि टायर पण.

फोर बाय फोरवाल्यांना एक विनंती. चारही चाकं फिरतात म्हणून गाडी चढते, थांबताना मात्र तुमची गाडी आणि शेजारची ऑल्टो एकच. बर्फ असला की नेहरू कुंड, सोलंगच्या पुढं पोलीस बऱ्याचदा फक्त चेनवाल्या आणि फोर बाय फोर गाड्या सोडतात, तिथं हुज्जत घालू नका, लोकल टॅक्सी करा. तो ड्रायव्हर रोजचा आहे.

रात्री लावताना

हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून बसतो. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची उटी लावा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. वायपर उभे करा आणि इंजिन बंद करायच्या आधी वायपरचा स्विच बंद आहे ना बघा, नाहीतर सकाळी चावी फिरवली की काचेला चिकटलेला वायपर ओढायला जाऊन मोटर जळते. काचेवर गरम पाणी अजिबात ओतायचं नाही, तडकते. वायपरच्या टाकीत आपण शॅम्पूचं पाणी घालतो ते तिथं दगड होतं, ते काढून न गोठणारं स्क्रीनवॉश घाला. टपावरचा बर्फ पण झाडा, नुसती काच साफ करून निघालात तर पहिल्या ब्रेकला सगळा ढीग पुढच्या काचेवर.

अडकलात तर

हे नीट वाचा. गाडी सोडून चालत निघू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं आणि इंजिन चालू असलं की धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. पाकिस्तानात मरीला जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेले वीसपेक्षा जास्त लोक गेले, त्यातले बरेच गाडीतच गुदमरले. म्हणून आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा, तासाला दहा मिनिटंच इंजिन लावा, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, एकानं जागं राहायचं. गाडीत किंवा हॉटेलच्या बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, हेच कारण. मदतीला ११२, आणि हिमाचलमध्ये जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७.

डिकीत छोटं खोरं टाका, घरातलंच, दांडा कापून घेतला तरी चालेल. चाक नुसतं फिरत असेल तर रेस देऊ नका, खड्डा खोल होतो, समोरचा बर्फ खोऱ्यानं ओढून पायपुसणं चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गियरला हळू काढा. बाकी ब्लँकेट, टॉर्च, पॉवर बँक, चिक्की, दशम्या, पाणी. पाणी काठोकाठ भरलेल्या बाटलीत नको. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. कपड्यांचं आमच्यापेक्षा अपशिंग्याचा कोणी फौजी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, तो एकच सांगेल, एक जाड नको, तीन पातळ घाला आणि सुती बनियन घामानं ओलं झालं की बदला.

आमच्याकडं काय, कसं

गाडी निदान पंधरा दिवस आधी आणा, पार्ट मागवायला वेळ लागतो, नाताळच्या आठवड्यात आम्ही ही कामं घेत नाही. चेकअपला अर्धा दिवस, कूलंट, बॅटरी, टायर, ब्रेक, हीटर, सगळं तुमच्यासमोर. काही बदलायचं असेल तर विचारूनच बदलतो, जुना पार्ट हातात देतो. परत आल्यावर आठवड्याच्या आत खालून प्रेशर वॉश करून घ्या, बर्फावर टाकलेली माती आणि मीठ सस्पेन्शनमध्ये बसून राहतं आणि पावसाळ्यापर्यंत पत्रा खातं.

चेन डिपॉझिट घेऊन मिळते, आधार कार्डाची झेरॉक्स लागते. परत देताना गोड्या पाण्यानं धुवून, वाळवून, कापडात गुंडाळून द्या. ओली तशीच पिशवीत कोंबून आणलेली चेन चार दिवसांत गंजते, तशी आली तर डिपॉझिटमधून पैसे कापतो, पेढे आणलेत तरी कापतो.