खोडरबरने सूर उतरतो

आमच्या कोडिंग क्लबात वाद्य करायचा दिवस असला की संगणक उघडण्याआधी कागद-पेन्सिल निघते. मुलं 6बी पेन्सिलीने वीतभर लांबीची काळीकुट्ट पट्टी गिरवतात. एक तार पट्टीच्या टोकाला चिकटवायची, दुसरी हातात धरून पट्टीवरून फिरवायची. शेजारी ब्रेडबोर्डवर (सुटे भाग खोचून जोडायची पाटी) 555 टायमर चिप, वीज साठवणारा कपॅसिटर, छोटा स्पीकर आणि 9 व्होल्टची बॅटरी. (घरच्या प्लगला यातलं काहीही कधीच जोडायचं नाही.) तार सरकली की सूर घरंगळत जातो आणि सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा होतो.

पेन्सिलीतल्या कांडीला आपण शिसं म्हणतो, पण ते असतं ग्राफाइट आणि चिकणमाती. ग्राफाइटमधून वीज वाहते. नेहमीच्या एचबी पेन्सिलीत माती जास्त, म्हणून 6बी घ्यायची.

555 ही चिप हान्स कामेनझिंड यांनी 1971 साली आखली. ती कपॅसिटरला मडक्यासारखं वागवते: बॅटरीच्या दोन तृतीयांश व्होल्टपर्यंत भरू देते, एक तृतीयांशापर्यंत उपसते, पुन्हा भरते. सेकंदाला अशा 240 फेऱ्या झाल्या की स्पीकरचा पडदा 240 वेळा थरथरतो आणि तो सूर आपल्याला ऐकू येतो. पेन्सिलीची पट्टी म्हणजे या मडक्याचा नळ. पट्टी लांब तर विजेला विरोध जास्त, धार बारीक, फेऱ्या कमी, सूर खाली. लांबी दुप्पट केली की सूर साधारण एक सप्तक उतरतो. सतारीच्या तारेचाही हिशेब हाच, कारण मात्र अगदी वेगळं.

मला सगळ्यात आवडतं ते सूर लावणं. सूर उतरलेला वाटला तर पट्टी पुन्हा गिरवायची. चढला तर खोडरबर हलकेच फिरवायचा. विद्युत विरोध कानाने ऐकायची याहून सोपी वाट मला माहीत नाही.

मग येतो कोड. तीच पट्टी आर्डुइनोला, म्हणजे कोड चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडली की तारेची जागा 0 ते 1023 मधला एक आकडा होते. त्या आकड्यांचे आठ टप्पे पाडून मुलं सरगम लिहितात: 240, 270, 300, 320, 360, 400, 450, 480. यातले मध्यमाचा 320 आणि निषादाचा 450 वगळले की भूप रागाचे स्वर हाती येतात.

पण टप्पे पाडले की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जाते. ती हवी असेल, तर कोडमधल्या टप्प्यांच्या ओळी काढून मधले सगळे आकडे वाजू द्यायचे. दरवेळी कुणीतरी मूल त्या ओळी काढतंच.