रूट ६६ वरील मागे पडलेली गावे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो ते लॉस अँजेल्स (पुढे सँता मोनिका) या जुन्या महामार्गावरील, आंतरराज्य महामार्ग बाहेरून गेल्यामुळे वाहतूक गमावलेली लहान गावे. आठ राज्यांतून जाणारा हा मार्ग (सु. ३,९४० किमी.) ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला आणि २७ जून १९८५ रोजी राष्ट्रीय मार्गांच्या यादीतून वगळला गेला.

पश्चिमेकडील बरीच गावे मुळात या रस्त्याने वसवलेली नाहीत. मोहावी वाळवंटातील अँबॉय, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स ही नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने येतात, कारण ती १८८० च्या दशकातील लोहमार्गाची, त्याच क्रमाने नावे दिलेली स्थानके होत. मोटारीने त्यांना दुसरे आयुष्य दिले, एवढेच म्हणता येईल.

ऱ्हासाचा आरंभ केव्हापासून धरावा, याबाबत एकमत नाही. सर्वसाधारणपणे २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांनी स्वाक्षरी केलेल्या, आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारणाऱ्या महामार्ग अधिनियमाकडे बोट दाखवले जाते. तथापि, गॉफ्स १९३१ मध्येच नव्या आखणीमुळे बाजूला पडले होते. सँता फे शहर १९३७ च्या सुमारास वगळले गेले. अवघड घाटातील ओटमन (ॲरिझोना) १९५० च्या दशकाच्या प्रारंभी बाजूला पडले, पण तेथील सोन्याच्या खाणी त्याआधीच बंद पडलेल्या होत्या. आणि ओक्लाहोमात टल्सा ते ओक्लाहोमा सिटी हा टोलरस्ता १९५३ मध्येच खुला झाला होता. हे पाहता १९५६ हे आरंभवर्ष न मानता वेगवाढीचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र पूर्वीच्या फेरआखण्या आणि आंतरराज्य मार्ग यांत एक मूलभूत भेद आहे. जुन्या रस्त्याला कडेचा कोणताही पेट्रोलपंप, मोटेल किंवा खानावळ थेट जोडता येत असे. नव्या मार्गावर चढणे-उतरणे केवळ ठरावीक चौफुल्यांवरच (इंटरचेंज) शक्य असल्याने, गावापासून चौफुली किती दूर आणि एकूण किती, यावरच धंद्याचे भवितव्य ठरू लागले. ॲरिझोनातील विल्यम्स गावाने न्यायालयीन दाव्यांनी काम रोखून धरले आणि तीन चौफुल्या पदरात पाडून घेतल्यावरच माघार घेतली. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी ते वगळले गेले, व तेच या मार्गावरील शेवटचे.

टेक्सस-न्यू मेक्सिको सीमेवरील ग्लेनरिओची रचना लक्षणीय होती : टेक्ससच्या बाजूच्या परगण्यात दारूबंदी असल्याने मद्यालय न्यू मेक्सिकोच्या हद्दीत, तर कमी करामुळे पेट्रोलपंप टेक्ससच्या हद्दीत. १९७० च्या दशकात मार्ग वळल्यावर ते जवळजवळ निर्मनुष्य झाले.

सेलिग्मन (ॲरिझोना) २२ सप्टेंबर १९७८ रोजी बाजूला पडले. तेथील न्हावी एंजल डेल्गाडियो यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये राज्यातील जुन्या मार्गासाठी संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी राज्याने सेलिग्मन-किंगमन टप्प्यास ऐतिहासिक दर्जा दिला. हा टप्पा उत्तरेकडे कमान घेत पीच स्प्रिंग्ज व हॅकबेरीवरून जातो, तर नवा मार्ग सरळ दक्षिणेकडून. त्यामुळे तेथे जुना रस्ता नव्याखाली गाडला गेला नाही. पर्यटनाचा लाभ प्रामुख्याने अशाच सलग टप्प्यांना झालेला दिसतो. कॅन्ससमध्ये हा रस्ता अवघा सु. २१ किमी. असून गलीना, रिव्हर्टन व बॅक्स्टर स्प्रिंग्जमधून जातो. त्याची जागा घेणारा आंतरराज्य मार्ग त्या राज्यात शिरतच नाही.